लिहिल्याबिगर कोड मिटवायचा न्हाई

वारंगा फाट्यापासून थोडं पुढं, रोडच्या कडंला आमचं गॅरेज हाय. रोज सकाळी मी अंगण झाडते. काळी माती निघते, नट निघतात, एकदा तर कोणाचा तरी दातांचा सेट निघाला. पण किस्से काही झाडून निघत न्हाईत. माणूस गाडी घेऊन जातो आन् किस्सा इथंच सोडून जातो. आता इतके साठलेत की लिहून काढल्याबिगर डोक्यात जागा होणार न्हाई.

मी चंद्रकला. चौथी पास. गाडीला मशीन लावायचं काम माझं. आमचे मालक दत्तराव, म्हणजे माझा नवरा, मेकॅनिक. हात असा की इंजिनाचा आवाज ऐकून सांगतील कोणता बोल्ट ढिला हाय. पण चाळिशी लागली आन् जवळचं दिसायचं बंद झालं. चष्मा लावा म्हणलं तर म्हणतात, "चष्म्यावर ऑइल उडते." मग मशीनचा पडदा कोण वाचणार? मी!

ज्यांना माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगते. आताच्या गाड्यांत इंजिनाला तकलीफ झाली की स्टेरिंगसमोर पिवळा दिवा लागतो, आन् त्या तकलिफीचा नंबर गाडी आपल्या पोटात जपून ठेवते. स्टेरिंगच्या खाली एक सॉकेट असते. त्यात मशीनची वायर खुपसायची, चावी फिरवायची, की पडद्यावर नंबर येतो. एक इंग्रजी अक्षर आन् चार आकडे. तोच कोड. बटन दाबलं की कोड मिटतो, दिवा बंद. दुखणं मात्र जागच्या जागी.

हे मला शिकवलं माझ्या पोरीनं, रंजनानं. ती आखाडा बाळापूरला एका लॅबमधी रक्त तपासते. ती म्हणली, "आई, कोड म्हणजे रिपोर्ट. बीमारी न्हाई. रिपोर्ट फाडला म्हणून ताप उतरते का?"

पोरगी अशी. लग्नाची झाली, आन् सगळ्या नात्यात एकच बोंब की हिच्या आईच्या तोंडापायी हिचं लग्न जमत न्हाई. ते बी सांगते, पण क्रमानं.

\*

पहिल्यांदा माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे बाकीच्यांची सांगायचा हक राहील.

मशीन नवं होतं. एक जीपवाला आला, गाडीत शिटा भरलेल्या. म्हणला, "वहिनी, दिवा लागला, बघा लवकर." मी वायर लावली. पडद्यावर नंबर आला आन् खाली इंग्रजीत काहीतरी इचारून राहिलं. मी 'येस' दाबलं. येस एवढं मला येते. दिवा गेला! जीपवाला खूश, शिटा खूश, मी तर अशी फुगले की पदर कमी पडला.

पाऊण तासानं तीच जीप ट्रॅक्टरला बांधून आली. शिटा मागून चालत.

मालक म्हणले, "कोड काय होता?"

"मिटवला."

"ते कळलं. होता काय?"

"वाचला न्हाई. त्यानं इचारलं, मी येस म्हणलं."

दोन दिवस ते त्या जीपखाली पडून होते. जे एका ओळीत लिहिलेलं होतं ते धुंडाळायला दोन दिवस! तिसऱ्या दिवशी सापडलं, बोटाएवढी एक वायर तुटलेली. बाहेर आले, हात पुसले आन् म्हणले, "चोर पकडून दिला होता गाडीनं. तू त्याला नाव न इचारता बसमधी बसवून दिलं!"

त्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली. रकाने पाडले. तारीख. गाडी कोणाची. कोड. दिवा लागायच्या आधी काय झालं. मंग काय केलं. तवापासून आमच्या गॅरेजचा कायदा, लिहिल्याबिगर कोड मिटवायचा न्हाई. आमदार येऊ द्या नाहीतर जावई.

\*

'दिवा लागायच्या आधी काय झालं' हा रकाना भरायला सगळ्यात जास्त तकलीफ होते. माणसं डॉक्टरला खरं सांगतील, पोलिसाला सांगतील, मेकॅनिकला न्हाई सांगणार.

एक किराणावाला आला. म्हणला, "गाडी ओढत न्हाई."

"दिवा लागते का?"

"न्हाई न्हाई. आमच्या गाडीत दिवा कधीच न्हाई."

मी आत वाकून बघितलं तर दिव्याच्या जागी एक मोठी लाल टिकली चिकटवलेली!

"हे काय?"

"ते... मंडळीनं लावली. रात्री डोळ्यावर उजेड येत होता."

टिकली काढली. खाली पिवळा दिवा, लखलखीत. मशीन लावलं तर पाच कोड! एकाच्या अंगावर एक बसलेले, आठवडी बाजाराच्या जीपवाणी. आता मला सांगा, एवढं सगळं सहन करून गाडी त्याला रोज दुकानात नेऊन सोडत होती.

मी म्हणलं, "भाऊ, टिकली लावली म्हणून काय गाडीला सवाष्ण मारता का?"

त्याची बायको मागच्या सीटवर बसली होती. ती खाली उतरली आन् मला म्हणली, "बाई, टिकली ह्यांनीच लावली. माझ्या पाकिटातली घेऊन."

\*

मारुतीमामाचा किस्सा मला सगळ्यात आवडतो, काहून की त्यात मशीनपेक्षा वही हुशार निघाली.

मारुतीमामा धनगर. शेळ्यामेंढ्यांचा मोठा कळप. शेळ्या बाजारात न्यायला त्यांनी जुनी पिकअप घेतली. तिच्यात एकच कोड परत परत यायचा. सी अक्षराचा. सी म्हणजे ब्रेकाकडचं दुखणं. पुढच्या डाव्या चाकापाशी एक वायर असते, चाक किती फिरलं ते सांगणारी, तिचा कोड. मालकांनी वायर बदलली. आठ दिवसांनी कोड परत. पुन्हा बदलली. पुन्हा परत! मालक म्हणले माल डुप्लिकेट हाय. मामा म्हणले नजर लागली. त्यांनी चाकाला लिंबूमिरची बांधली.

मी वही काढून बसले. बघते तर दर खेपंला कोड यायचा तो बुधवारी. आता चाकाला वार कसा कळते? मला काही चैन पडंना. मी मामाला इचारलं, "मंगळवारी काय असते तुमच्याकडं?"

"काही न्हाई. सोमवारी बाजार. मंगळवारी गाडी घरीच."

मंग मंगळवारी मी स्वतः गेले त्यांच्या वाडीवर. मालक म्हणले, "वेडी झाली का, चाकाला वार असते का!" मी म्हणलं, "चाकाला नसल, दुसऱ्या कोणाला असल."

जाऊन बघते तर गाडी बाभळीखाली उभी, आन् डाव्या चाकाला एक बोकड बांधलेला. दाढीवाला, मोठा ऐटबाज. सोमवारी जो बाजारात इकला न्हाई जायचा, तो मंगळवारी तिथं बांधला जायचा. आन् दर बाजारात हाच परत यायचा! चाकाच्या आत तोंड घालून आरामात वायर चघळून राहिला होता.

मामानं कपाळाला हात लावला. म्हणले, "बाई, आता ते मशीन ह्याला लावा. बघा ह्याला काय कमी पडून राहिलं, वायर काहून खाते?"

मामा मस्करी करत होते. पण मला खरंच प्रश्न पडला. काहून खाते? पाला हाय, कडबा हाय, समोर बाभळीच्या शेंगा पडल्यात. मामाची म्हातारी तिथंच बसली होती. ती म्हणली, "त्याला मीठ पायजे. औंदा मिठाचा खडा टांगलाच न्हाई कोणी."

मामानं त्याच दिवशी बाभळीला मिठाचा खडा टांगला.

त्यानंतर कोड आला न्हाई. वहीत 'मंग काय केलं' ह्या रकान्यात मी लिहिलं, बोकडाला मीठ दिलं. एक डाव कंपनीचा माणूस गॅरेज बघायला आला होता. त्यानं ती ओळ तीनदा वाचली आन् काही न इचारता फोटो काढून नेला.

\*

शेजारच्या गावचे एक सर हायेत. रिटायर. नवी डिझेल गाडी घेतली. रोज धुतात. रोज सकाळी दारात दहा मिनिटं चालू ठेवतात, मंग बंद करून कापड झाकतात. सगळी चाल काय, तर दारापासून दूध डेअरी.

दिवा लागला. कोड निघाला काजळीचा. नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात एक जाळी असते, ती काजळी धरून ठेवते. गाडी लांबवर पळाली, धुराडं चांगलं तापलं, की ती काजळी जळून जाते. दारात उभी राहून कशी जळंल?

सर म्हणले, "मी तर गाडीला एवढा जपतो!"

मी म्हणलं, "तेच दुखणं हाय. सर, तुमी हिला नवरीवाणी पाटावर बसवली. हिला जरा पळवा. एका दमात तासभर. हप्त्यातून एकदा."

"पण जाऊ कुठं?"

"कोणी नातेवाईक न्हाई का लांब?"

सर रुमालानं बोनट पुसत म्हणले, "नांदेडला बहीण हाय. पण आमचं... जाणंयेणं न्हाई."

"मी भांडण मिटवायला न्हाई सांगून राहिले. मी काजळी जाळायला सांगून राहिले. तिच्या दारातून गाडी वळवा आन् या परत."

गेले. दिवा गेला. महिनाभर दर रविवारी जात राहिले. मंग एक दिवस गॅरेजच्या फोनवर एका बाईचा फोन. मी घेतला.

"तुमीच का त्या मशीनवाल्या? मी सरांची बहीण बोलते. दादा सहा वर्षांनी माझ्या घरी जेवला."

"बरं झालं की."

"व्हय. पण आता दादा म्हणते गाडी साफ झाली, काजळी संपली." बाईनं आवाज बारीक केला. "ताई, तो कोड परत कधी येते हो?"

\*

आता रागाचा किस्सा. एक पुढारी आले. नाव न्हाई सांगत, पण गळ्यात सोनं इतकं की मान पुढं झुकलेली. गाडीतून उतरले न्हाईत, काच खाली केली.

"ए बाई, दिवा मिटव. पटकन. कार्यक्रमाला जायचंय."

मी वायर लावली. इंजिन गरम व्हायचा कोड. मी वही उघडली.

"लिहीत काय बसली? मिटव म्हणलं ना! मी कोण हाय माहीत हाय का?"

"माहीत हाय. पण मशीनमधी ते येत न्हाई. मशीनमधी एवढंच येऊन राहिलं की इंजिनात पाणी न्हाई."

"मिटवते का न्हाई?"

"न्हाई."

मालक मागून डोळ्यांनी खुणा करून राहिले. मी वायर काढून घेतली. पुढाऱ्यानं गाडी अशी काढली की आमची कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली न्हाई. पुढं कुठंतरी कोड मिटवून घेतला म्हणं.

दुपारी आले परत. दोरीनं. पुढं ट्रॅक्टर, मागं गाडी, बोनटमधून वाफ निघून राहिली. काच खाली झाली.

"बाई," ते म्हणले, "आता लिहा."

\*

हे असं तोंड. आन् ह्याच तोंडापायी रंजनाची दोन स्थळं गेली.

पहिलं स्थळ आलं तवा पोराचा बाप म्हणला, नोकरी पर्मनंट हाय. मी इचारलं, "ऑर्डर बघू?" संपलं. दुसऱ्या खेपंला पोरगा म्हणला, मी दारूला शिवत न्हाई. मी म्हणलं, "बोटं काहून थरथरून राहिलीत मंग?" ते बी संपलं. नंतर कळलं दोन्ही जागी माझंच बराबर होतं, पण बराबर असण्याचं कौतुक कोण करते! माझी नणंद, आक्का म्हणतो आमी, ती सगळीकडं सांगत फिरली, "आमची वहिनी जावयाला बी मशीन लावते. पोरगी म्हातारी होईल घरात."

मला ते लागलं. रात्रंदिवस तोंड चालवणाऱ्या बाईला बी लागते. मी रंजनाला इचारलं, "खरंच माझ्यापायी होऊन राहिलं का गं?"

ती म्हणली, "आई, दोष नसलेला नवरा मला नकोच. तसा नसतेच. मला फक्त लपवणारा नको. पण तू तरी आधी इचारू नको. एखाद्याला आपणहून सांगायला जागा तर ठेव!"

पोरगी बोलली ते मनात बसलं. पण मला जमंल का, हाच प्रश्न होता.

\*

मधी एक जुन्या गाडीचा सौदा झाला, तो सांगावाच लागते, काहून की त्यानं मला मशीनचं अजून एक पान कळलं.

मारुतीमामाच्या भाच्याला पिकअप घ्यायची होती. इकणारा गाडी घेऊन आमच्याकडं आला. मोठ्या तोंडाचा गडी. म्हणला, "लावा मशीन! तीन वर्षांत बोनट उघडलं न्हाई. एक कोड निघाला तर गाडी फुकट देतो!"

मी लावलं. एकही कोड न्हाई. भाचा खूश झाला. मला मात्र खटकलं. तीन वर्षांच्या गाडीत काहीच न्हाई? नव्या नवरीच्या बी पायात काटा असतो! मी पडद्यावरचं एकेक पान पुढं सारत गेले. एका पानावर इंग्रजीत ओळ आन् पुढं आकडा, चार. रंजनाला फोन लावून अक्षरं वाचून दाखवली. ती म्हणली, "आई, ते सांगून राहिलं की कोड मिटवल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली."

बघा! गाडी दुखणं इसरली, पण कोणीतरी इसरायला लावलं हे तिच्या ध्यानात राहिलं.

मी त्या गड्याला म्हणलं, "भाऊ, चार किलोमीटर मागं कुठंतरी कोड मिटवून आलात तुमी."

"साफ खोटं!" तो असा ओरडला की रोडवरचे लोक थांबले. "मशीन बिघडलंय तुमचं! तिथून इथवर चांगलं साडेपाच किलोमीटर हाय!"

\*

आता शेवटचा.

रंजनाला तिसरं स्थळ आलं. कळमनुरीकडचे लोक. शेती हाय, आन् पोरगा योगेश हळद शिजवायचे कुकर चालवतो. सीझनला गावोगाव कुकर घेऊन जायचं, लोकांची हळद शिजवून द्यायची. रंजनानं फोटो बघितला, 'बरा हाय' म्हणली. रंजना बरा म्हणली म्हणजे लई झालं.

आदल्या दिवशी आक्का मुक्कामाला आली, खास माझ्यावर पहारा करायला. मालकांनी मशीन कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. पाव्हणे यायच्या टायमाला त्यांनी माझ्या हातावर एक अख्खी सुपारी ठेवली. "ही तोंडात धर. फोडायची न्हाई. सुपारी तोंडात हाय तवर एक शब्द न्हाई. पोरीची शपथ."

मी धरली. गालात गोटी घेऊन बसले, दाढ सुजल्यावाणी.

पाव्हणे आले. पांढरी गाडी, धुतलेली, बोनटवर हार. पोराचा बाप मोकळा माणूस, मोठ्यानं हसणारा. पोहे झाले. रंजना येऊन बसली, दोनचार प्रश्न झाले. पोरगा कमी बोलणारा. रंजनानं इचारलं, "कुकरवर हळद किती वेळ शिजवता?" तर खाली बघून म्हणला, "वास सांगते. वासावर हाय." मला ते आवडलं. पण गालात सुपारी.

सगळं सुरळीत चाललं होतं आन् पोराचा बाप म्हणला, "तुमच्या घरात ते मशीन हाय म्हणं. आता आलोच हाव तर लावा की आमच्या गाडीला! बघा आमच्याकडं काही निघते का!"

आक्का म्हणली, "राहू द्या हो."

"अवो लावा! आपलं सगळं साफ असते!"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. पाव्हण्याला न्हाई कसं म्हणावं? कपाट उघडलं. सगळे अंगणात. मी वायर लावली, चावी फिरवली. कोड एकही न्हाई. मी मान हलवली, न्हाई म्हणून.

"बघा!" पोराच्या बापानं टाळी वाजवली. "म्हणलं न्हाई का!"

तिथंच वायर काढायची. पण हाताला सवय. बोटानं पानं सारली, सारली, आन् ते पान आलं.

अकरा.

मालकांना बारीक अक्षर दिसत न्हाई, पण माझं तोंड दिसते. त्यांचा चेहरा उतरला. आक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की चार दिवस निळं होतं. रंजना माझ्या मागं उभी होती. तिनं वाकून पडदा वाचला. मंग माझ्याकडं बघितलं.

तिथं माझ्या जिभेवर काय काय आलं सांगू? गाडीचा कोड मिटवून आणला, पोराचं काय काय मिटवून आणलं? हे वाक्य सगळं तयार होतं, फक्त सोडायचं बाकी. पण तिचं बोलणं आठवलं. आपणहून सांगायला जागा ठेव. मी सुपारी ह्या गालातून त्या गालात घेतली. अंगणात कोंबडी तेवढी बोलून राहिली.

पोराचा बाप म्हणला, "काय झालं? काय आलं त्यात?"

मी गप. जन्मात पहिल्यांदा.

योगेश पुढं आला. पडद्यावरचा आकडा बघितला. म्हणला, "काकू, बराबर हाय. अकराच किलोमीटर झालेत."

"योग्या!" बाप दबक्या आवाजात म्हणला.

"राहू द्या बाबा." पोरानं शर्टाच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. "काकू, सकाळी रस्त्यात मिटवून घेतला. पोरगी बघायला जाताना दिवा बरा दिसत न्हाई, बाबा म्हणले. पण एकदा मिटवला की पुढच्या मेकॅनिकला काय कळंल? म्हणून मिटवायच्या आधी लिहून घेतला मी."

कागद उघडला. वर कोड, पी शून्य चार शून्य एक. त्याखाली, चढाला दम लागते. काळा धूर. पंधरा दिवसांपासून.

मी सुपारी थुंकली.

"अक्षर कोणाचं?"

"माझंच."

आक्का म्हणली, "वहिनी!" मालक म्हणले, "अगं, शपथ!" मी कोणाचंच ऐकलं न्हाई. आत गेले, वही आणली, त्या तारखेच्या पानावर तो कागद गोंदानं चिकटवला. माझ्या वहीत सगळे कोड माझ्या हातचे हायेत. तेवढा एकच दुसऱ्याच्या अक्षरात हाय. तारीख मी लिहिली. 'गाडी कोणाची' हा रकाना मात्र रिकामा ठेवला, काहून की पाव्हण्यांचं आडनाव कसं लिहायचं ते मला पक्कं माहीत नव्हतं. वही रंजनाच्या हातात दिली आन् म्हणलं, तू लिही.

तिनं पेन घेतला. पोराकडं न्हाई बघितलं, बापाकडं न्हाई. रकान्यात तीन अक्षरं लिहिली आन् वही मिटून चहा ठेवायला आत गेली.

मी वही उघडून बघितली.

'आपली'.